झिंगगवताची सख्खी बहीण

माझ्या सुनेला शेवया कापता येत नाहीत, ही गोष्ट आमच्या कोक-जार गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी सांगितली म्हणून विचारू नका. मीच सांगितली. आमच्यात नवी सून घरात आली की तिच्यापुढे लाटलेली पोळी नि सुरी ठेवायची, आणि आयाबायांनी भिंतीला टेकून तिचा हात बघायचा. पेरिझातचा हात बघून शेजारची सुयुमकान म्हणाली, "जुमाकान, आमच्या खोगिराचा पट्टा तुटलाय. तुझ्या सुनेची एक शेवई नेऊ का?"

मी म्हटलं, "ने की. तुझ्या सुनेच्या शेवया इतक्या बारीक की पातेल्यात सापडत नाहीत, तेव्हा पोटाला बांधायला तरी होईल."

माझ्या सुनेला नावं ठेवायचा हक्क माझा. तो मी शेजारी उसना देत नाही.

पेरिझात शहरात गवत शिकवते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मेदेरला, माझ्या धाकट्याला, विचारलं होतं, "गवत काय शिकवायचं असतं रे? मेंढीला कुणी शिकवलं?" मेदेर नुसता हसला. तो तिच्यावर इतका भाळलेला होता की तिनं दगड शिकवले असते तरी हसला असता. उन्हाळा लागला की ती इथं येते, डोंगर पालथे घालते, आणि माझ्या खिडकीत, शिवणयंत्राशेजारी, आपलं भिंगाचं यंत्र मांडून बसते. तिचं काम असं: गाजर उभं चिरायचं, चिरेत गवताचं पान धरायचं, आणि दाढीच्या पात्यानं गाजरासकट पानाचे आडवे काप काढायचे. बशीतल्या पाण्यात ते काप तरंगतात, पण नुसत्या नजरेला दिसतील तर शपथ. मग जखमेला लावायच्या हिरव्या औषधाचा थेंब त्यांच्यावर टाकायचा आणि काचेवर घेऊन यंत्राखाली सरकवायचं.

"गाजरं शोरब्यात घालायची असतात," मी म्हटलं होतं.

"आपा, एकदा डोळा तर लावा." आमच्यात आईला नि सासूला आपाच म्हणतात.

लावला. पहिल्यांदा माझ्याच पापण्या दिसल्या. "झाडाच्या फांद्या दिसतात," मी म्हटलं. ती हसली नाही, हा तिचा चांगुलपणा. तिनं चाकी फिरवली, आणि मला यर्ट दिसला, कुरणावर उभारतो ते आमचं गोल घर. खरं सांगते. हिरवा यर्ट, उभा कापलेला. वर लोकरीचा नमदा, आत ओळीनं वासे. एवढ्याशा पानात, जे घोडा न बघता चावतो, कुणीतरी घर बांधून ठेवलेलं.

"प्रत्येक जातीचं घर वेगळं," ती म्हणाली. "बाहेरून दोघी बहिणी सारख्या दिसल्या तरी आत वासे वेगळे बसवलेले असतात. कापल्याशिवाय कळत नाही."

मी म्हटलं, "माणसांचंही तसंच आहे, पण कापता येत नाही." आणि चहा टाकायला उठले. तिला लगेच शाबासकी दिली तर सून डोक्यावर बसते.

आता झिंगगवताचं सांगायला हवं. खिंडीतून खाली उतरलं की ओढ्याच्या वळणावर ते माजतं. घोड्यानं खाल्लं की लग्नाहून परतलेल्या नवऱ्यासारखा होतो. तोंडाला लाळ, मान खाली, पाय चौफेर. आमचे घोडे त्याला तोंड लावत नाहीत. शिंगरू आईचं बघून शिकतं. पण परक्या खोऱ्यातला घोडा आला की हटकून फसतो. आणि त्याच वळणावर झिंगगवताची सख्खी बहीण उगवते, पांढरकणीस. चारा म्हणून तिच्यासारखं गवत नाही. तुरे असले की दोघींतला फरक आंधळाही सांगेल. पण शरदात तुरे गळाले, नुसती पानं राहिली की कुणाला कळत नाही. मलाही नाही. आणि मी नाही म्हणते म्हणजे गावात कुणालाच नाही.

खिंडीपलीकडच्या खोऱ्यात झिंगगवत नावालाही नाही. तिथं नुसती बहीणच.

गेल्या शरदात एसेनकुलची बरसी झाली. मोठा माणूस होता, चार खोऱ्यांतून लोक येणार होते, जेवणानंतर घोड्यांची शर्यत. अशा वेळी गाव पाहुणे वाटून घेतं. ज्याच्या अंगणात जो पाहुणा उतरला, त्याचं नि त्याच्या घोड्याचं खाणंपिणं, झोप, इज्जत, सगळं त्या घरच्या गळ्यात. खिंडीपलीकडच्या लोकांना कुणाकडे उतरवायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा कालमात आजोबा, माझे थोरले दीर, गावातले सगळ्यांत वडील, एवढंच म्हणाले, "जुमाकानकडे." मला त्यात नवल वाटलं नाही. दुसरं घर आहेच कुठलं?

तर साग्यनाली उतरला माझ्याकडे. त्याच्या खोऱ्यातला नामी चाबुकस्वार. बरोबर काराकेर, काळपट कुमाईत घोडा, मान अशी की बघत राहावं. आमचा तांबडाही त्याच शर्यतीत धावणार होता. मेदेरनं उन्हाळाभर त्याला घाम गाळून तयार केला होता.

"वहिनी, माझ्या घोड्याला परक्या घरचं गवत चालत नाही," साग्यनाली उतरता उतरता म्हणाला. त्याच्या खोगिराला चाऱ्यानं भरलेली जाळी लटकत होती. "त्याचं त्याचं मी आणलंय."

"तुझ्या घोड्याला नको असेल, पण माझी गव्हाण पाहुण्यापुढं रिकामी राहत नाही," मी म्हटलं. मेदेरनं आमच्या गंजीतलं कवळाभर गवत गव्हाणीत टाकलं. साग्यनालीनं शेजारीच आपली जाळी टांगली. दोघांनाही आपापल्या घरचा अभिमान. रात्री सगळे मटण खाऊन झोपले.

सकाळी साग्यनालीची हाक ऐकून मी धावले. काराकेर मान टाकून उभा होता. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. एक पाऊल टाकलं नि कुंपणावर आपटला.

"वहिनी!" साग्यनालीचा आवाज चिरकला. "तुमच्या घरचं मीठ खाल्लं मी. आणि तुमच्या पोरानं माझ्या घोड्याला हे चारलं!"

"जिभेला लगाम घाल, साग्यनाली."

"लगाम? शर्यत दुपारी आहे. कुणाचा घोडा धावणार आहे माझ्या घोड्याशी? याचाच ना? गव्हाणीत कुणी टाकलं? यानंच ना?"

मेदेरचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला होता. पेरिझात ताकाची कळशी घेऊन आली आणि कुणाला न विचारता घोड्याच्या तोंडात आंबट ताक ओतू लागली. झिंग उतरायला तेच लागतं. ती म्हणाली, "उद्यापर्यंत बरा होईल." पण उद्या शर्यत नव्हती. आणि घोडा बरा झाला म्हणून बोललेलं परत फिरत नाही. खिंडीपलीकडे बातमी घोड्याच्या आधी पोचते. माझ्या मेदेरला जन्मभर 'पाहुण्याच्या घोड्याला विष घालणारा' म्हणणार होते, आणि माझ्या अंगणात पुन्हा कुणी खोगीर उतरवणार नव्हतं. या अंगणात माझ्या सासूच्या सासूपासून पाहुणे उतरत आलेत.

मी एक गोष्ट लगेच केली. सगळ्यांच्या देखत म्हटलं, "मेदेर, तांबड्याचं खोगीर काढ. आमचा घोडा आज धावणार नाही."

"आपा..."

"काढ म्हटलं ना."

त्यानं काढलं. उन्हाळाभराची मेहनत होती, पण माझ्याकडे बघून काढलं. मुलगा माझाच आहे.

एव्हाना कुंपणाशी अर्धं गाव जमलं. सुयुमकान तर चहाचा वाडगा हातात घेऊनच आली होती, म्हणजे मधेच उठायला नको. कालमात आजोबा काठी टेकत आले, घोड्याच्या डोळ्यांत बघितलं, गव्हाण बघितली, जाळी बघितली.

"साग्यनाली, जाळीतलं कुठलं?"

"आमचंच, आजोबा. पांढरकणीस. थोडं कमी पडेल वाटलं म्हणून काल येताना वाटेत कापून भर घातली. पण तेही पांढरकणीसच. मी डोळे मिटून ओळखतो."

"वाटेत कुठं?"

"ओढ्याच्या वळणावर."

लोकांत कुजबूज झाली. आमच्या लोकांना कळलं काय झालं असेल ते. पण कळणं वेगळं, पाहुण्याला तोंडावर सांगणं वेगळं. कालमात आजोबा म्हणाले, "जुमाकान, तुझी म्हातारी घोडी आण. ती झिंगगवताला तोंड लावणार नाही."

घोडी आणली. जाळीतलं गवत पुढं धरलं, तिनं मान फिरवली. मी साग्यनालीकडे बघितलं. मग गव्हाणीतलं आमचं गवत धरलं. तिनं त्यालाही मान फिरवली. रांड रात्रभर चरून आली होती. पोट फुटायला आलेलं.

"बघा!" साग्यनाली ओरडला. "आणि तुमची घोडी तुमच्याच बाजूनं बोलणार."

"तुझा घोडा बोलू शकत असता तर त्यालाच विचारलं असतं," मी म्हटलं. "पण तो प्यालेला आहे."

मागून कुणीतरी माझी बाही ओढली. पेरिझात. आमच्यात सून सासरच्या थोरल्यांसमोर तोंड वर करून बोलत नाही, त्यांचं नावही घेत नाही; कालमात आजोबांना ती 'थोरल्या घरचे' म्हणते. ती माझ्या कानात म्हणाली, "आपा, थोरल्या घरच्यांना सांगा, तीनही ठिकाणची पानं आणा. गव्हाणीतली, जाळीतली, आणि वळणावरच्या अशा झुबक्याची ज्याला अजून एखादा तुरा शिल्लक आहे. कुठली कुठली ते मला सांगू नका. मी कापून सांगते कुठल्या दोन एक आहेत."

मी तिच्याकडे बघितलं. "चुकलीस तर?"

"चुकले तर तुम्ही मला बोला."

"ते तर मी नाही चुकलीस तरी बोलेन." आणि मी वळून मोठ्यानं सांगितलं.

साग्यनाली म्हणाला, "बायको नवऱ्याला वाचवणारच."

"म्हणून तर पानं तू स्वतः आणायचीस," मी म्हटलं. "आजोबांबरोबर जा. बांधा, लपवा, काय करायचं ते करा. माझी सून खोलीत बसेल, आणि दारात सुयुमकान बसेल. गावात तिच्याइतकं माझं वाईट चिंतणारं दुसरं कोण आहे?"

"हे मात्र खरं," सुयुमकान म्हणाली आणि दारात बसली.

दोघं घोड्यांवरून वळणापर्यंत जाऊन आले. झुबक्याला एक वाळका तुरा होता, झिंगगवताचाच, त्यावर दोघांचं एकमत झालं. तुरा तोडून टाकला, नुसती पानं ठेवली. कालमात आजोबांनी पानं बांधलेले रुमाल पुढं केले. तीन नव्हे, चार.

पेरिझातनं गाजर घेतलं. मी आत तिच्याजवळ उभी राहिले, पुरुष उंबऱ्याबाहेर. ती कापत गेली. पातं असं चालत होतं की आवाज नाही, हात हलतोय असंही वाटत नव्हतं. बशीत काप पडले, हिरवं औषध पडलं, काच सरकली.

ती हलक्या आवाजात मला सांगू लागली. नसा, तंतू, कातडी, असलं काहीतरी. मी म्हटलं, "असं नको. माणसांना कळेल असं सांग." मग तिनं तसं सांगितलं आणि मी दारातून मोठ्यानं पुढं दिलं.

"पहिल्या रुमालात वासे एकाआड एक टेकलेत. एक वासा वर नमद्याला भिडतो, पुढचा आखूड, अधांतरी. दुसऱ्या रुमालात दोन्ही प्रकारची पानं मिसळलीत, काही पहिल्यासारखी, पण काही निराळी. निराळ्यांत एकूण एक वासा नमद्याला टेकलाय. तिसऱ्यात सगळी तीच निराळी. म्हणजे दुसऱ्यात भेसळ आहे, आणि भेसळीचं गवत तिसऱ्या रुमालातलं."

"आणि चौथ्यात?" कालमात आजोबांनी विचारलं.

पेरिझात चौथा काप बघून हसू लागली. ओढणी तोंडाशी धरून माझ्या कानात कुजबुजली. मी सांगितलं, "चौथं दोघींतलं एकही नाही. ते जवाचं पान आहे. आणि सून म्हणते, थोरल्या घरच्यांनी ते आपल्या घोड्याच्या तोंडातून ओढलेलं दिसतं, चावल्याची खूण आहे."

अंगण हसलं. कालमात आजोबांनी दाढी कुरवाळली. "अर्धं त्यानं गिळलं," ते म्हणाले. मग चेहरा गंभीर केला. "पहिला रुमाल गव्हाणीतला. दुसरा जाळीतला. तिसरा वळणावरचा."

हसणं थांबलं. साग्यनालीचा चेहरा तापला. "यंत्रात काय दिसतं ते फक्त हिलाच दिसतं. ती म्हणेल ते आम्ही मान्य करायचं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पेरिझात उठली. पहिल्यांदाच ती थोरल्या माणसांसमोर सरळ उभी राहिली. डोळे खाली, पण आवाज सरळ.

"काका, मी म्हणेन ते मानू नका. तुम्ही बघा. मी काचा मांडते, कुठली कुठली ते सांगत नाही. सारख्या वाटतील त्या तुम्हीच एकत्र ठेवा."

साग्यनाली कालमात आजोबांकडे बघत राहिला. त्यांनी काठीनं खुणावलं. तो उंबरा ओलांडून आत आला, टोपी काढली, यंत्रावर वाकला.

"काळ्या फांद्या दिसतात."

"त्या तुझ्या पापण्या," मी म्हटलं. "शहाण्या माणसालाच असं होतं."

पेरिझातनं चाकी फिरवली. साग्यनालीनं दुसरा डोळा मिटला. चाबुकस्वाराची नजर ती. घोड्याच्या खुरावरून त्याची आई ओळखणारी माणसं. एक काच बघितली, दुसरी, पुन्हा पहिली. त्याचे ओठ हलत होते, वासे मोजत असावा. मग बोटानं काचा सरकवू लागला. ही इकडे, ही तिकडे. कुणी सांगत नव्हतं, कुणी हटकत नव्हतं. शेवटची काच त्यानं दोनदा यंत्राखाली धरली आणि वळणावरच्या झिंगगवताशेजारी ठेवली. पेरिझातनं काचेखालची खूण त्याला दाखवली. जाळीतलीच होती ती.

तो यंत्रापासून उठला नाही. पुन्हा डोळा लावून म्हणाला, अगदी हळू, "एकूण एक वासा. इतकं सरळ." मग मेदेरला शोधायला मान वळवली, पण मेदेर बाहेर काराकेरला ताक पाजत होता.

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! डोळे मिटून ओळखणाऱ्यांबद्दल, परक्या घरच्या गवताबद्दल, सगळं धार लावून तयार. ते सगळं मी गिळलं. तो अजून माझ्या छताखाली पाहुणा होता, आणि माझ्या अंगणात पाहुण्याची मान खाली गेली असं सांगायची संधी मी कुणाला देणार नव्हते. सुयुमकान दारातून माझं तोंड बघत होती. तिची निराशा झाली.

"चहा घे," मी साग्यनालीला म्हटलं.

"नंतर, वहिनी."

तो उठून निघाला. शर्यतीच्या मैदानावर चार खोऱ्यांची माणसं जमली होती. घोडे रांगेत उभे होते. साग्यनाली पायीच गेला. चाबुकस्वार पायी आलेला बघून लोकांनी वाट दिली. मी मागून गेले, पेरिझातला बरोबर घेऊन, आणि मागं राहू पाहत होती ती, तर मनगट धरून पुढं उभी केली.

"ऐका!" साग्यनाली ओरडला. "काराकेर धावत नाही. त्याला झिंग आणणारं गवत माझ्याच हातानं कापलेलं. मी आपल्या खोऱ्यातली बहीण समजलो आणि इथली दुसरीच निघाली. जुमाकान वहिनीच्या गव्हाणीत चोख गवत होतं. मी या घराच्या पोरावर बोट ठेवलं. ते बोट खोटं. आमच्या खोऱ्यात कुणी दुसरं काही सांगितलं तर माझ्याकडे पाठवा."

सगळं मैदान ऐकत होतं. मग कुणीतरी विचारलं, "आणि हे शोधलं कुणी?"

साग्यनालीनं आमच्याकडे हात केला. "या घरच्या सुनेनं. पानाच्या पोटातलं घर बघितलं तिनं."

चार खोऱ्यांची माणसं माझ्या सुनेकडे बघत होती. तिच्या गालांना आग लागली होती, हाताच्या बोटांना हिरवं औषध. मी तिची ओढणी सरळ केली. करायची गरज नव्हती, सरळच होती.

शर्यत आमच्याशिवाय झाली. कुणाचा घोडा जिंकला ते मला आठवत नाही, आणि आठवून घ्यायचंही नाही.

संध्याकाळी काराकेर पाय नीट टाकू लागला. साग्यनालीनं जाळी ओढ्यात उलटी करून झटकली, मग आमच्या अंगणात येऊन रिकामा तोबरा मेदेरच्या हातात दिला.

"तू भर," तो म्हणाला. "तुमच्या गंजीतलं."

मेदेरनं भरला. सावकाश, एकेक मूठ. मेदेर तोबरा काराकेरच्या तोंडाला बांधत असताना साग्यनालीनं घोड्याकडे बघितलं नाही, पाठ फिरवून माझ्याकडे चहा मागितला. चाबुकस्वार परक्या माणसाला घोडा चारू देऊन पाठ फिरवतो, हे मी माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा बघितलं नाही.

चहा पिता पिता तो म्हणाला, "वहिनी, खिंडीतून वाट वाढतेय. बी आमच्याकडेही येईल, आलंही असेल. पुढच्या उन्हाळ्यात सूनबाईला पाठवा. आमचं कुरण कापून बघू दे."

"पाठवेन. पण चुलीशी नाही बसायची ती. दारासमोरच्या मानाच्या जागी, नमद्यावर बसवायचं. आणि मानकऱ्याला देतात ते मेंढीचं डोकं तिच्यापुढं ठेवायचं."

"बाईमाणसापुढं डोकं?" तो हसला.

"मग नाही येत ती. तुझे घोडे प्यायलेले बरे."

"बरं, बरं, ठेवू. तिच्याबरोबर कोण येणार? मेदेर?"

"मेदेरला घोडे आहेत," मी म्हटलं. "ते यंत्राचं खोकं जड असतं, आणि ती ते वाटेल त्याच्या हातात देत नाही. मी उचलते ते."